खापरपणजोबा ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’वर होते का?

प्रश्न: माझं माहेर पुण्याचं, सासर इंग्लंडमधल्या केंटचं. सासूबाईंची पणजी पुण्यात जन्मली, साधारण १८६९ साली. तिचे वडील ब्रिटिश तोफखान्यात होते. पुढे ते लंडनजवळ वुलिचला आले आणि तिथल्या शस्त्रागारात कामाला लागले. पणजी नऊ वर्षांची असताना आईवडील आगबोटीने सहलीला गेले, तिला शेजारणीकडे ठेवलं, आणि दोघं परत आलेच नाहीत. नंतर ती कुठल्याशा ‘होम’मध्ये वाढली. घरात काळ्या काठाचं एक छापील कार्ड आहे. त्यावर ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’ हे नाव आणि ३ सप्टेंबर १८७८ ही तारीख आहे. मी प्रवाशांची यादी शोधली, मिळाली नाही. एका संकेतस्थळावर पैसे भरून नाव टाकलं, तर १८७८ सालचे चाळीसेक मृत्यू समोर आले. १८७१च्या जनगणनेत हे कुटुंब सापडतच नाही. आणि ऑनलाइन एका वंशवृक्षात कोणीतरी या दोघांपुढे सरळ ‘बुडून मृत्यू’ लिहून टाकलंय. हे खरं मानायचं का? आणि त्यांना पुरलं कुठे, ते कळेल का?
— अ. क., केंट

उत्तर: अ. क. ताई, यादी मिळाली नाही, कारण ती कधी नव्हतीच. ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’ ही लंडन स्टीमबोट कंपनीची, दोन्ही बाजूंना चाकं असलेली आगबोट. ३ सप्टेंबर १८७८च्या संध्याकाळी ती थेम्स नदीत एका जहाजाशी टक्कर होऊन बुडाली. लंडन ब्रिजजवळच्या स्वान पिअरवरून सुटायची, वाटेत धक्के घेत ग्रेव्हझेंड आणि शीअरनेसपर्यंत जाऊन संध्याकाळी परतायची. तिकीट मिळायचं, पण नाव कोणी विचारत नसे. त्या दिवशीचं तिकीट कंपनीच्या दुसऱ्या बोटीवरही चालायचं. बोटीला ९३६ प्रवाशांचा परवाना होता आणि प्रत्यक्षात किती चढले हे कॅप्टनलाही ठाऊक नसणार. कॅप्टन विल्यम ग्रिनस्टेड स्वतःही त्यात गेले. म्हणून मृतांचा आकडाही अंदाजाचाच राहिला. दफनभूमीतल्या स्मारकावर सुमारे सातशे प्रवासी आणि साधारण ५५० बुडाले असं कोरलंय, तर नंतरचे अभ्यासक साडेसहाशेच्या आसपास धरतात. आज ऑनलाइन ‘प्रवाशांची यादी’ म्हणून जे फिरतं, ते कोणीतरी वर्तमानपत्रांतून आणि नोंदवह्यांतून नंतर जुळवलेलं असतं. त्यात नाव दिसलं तर मूळ बातमीपर्यंत जायला ते उपयोगी पडतं, पण तेवढ्यावर थांबायचं नाही.

तिकिटाची ही गोष्ट तुमच्या शोधात आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. त्याच कंपनीची ‘ड्यूक ऑफ टेक’ ही बोट दहाएक मिनिटं मागून येत होती. त्यामुळे त्या दिवशी सहलीला गेलेला प्रत्येक माणूस ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’वरच होता असं म्हणता येत नाही. ‘बेपत्ता’ म्हणून छापलेली काही माणसं अशीच सुखरूप घरी पोचली असणार.

आधी कार्डाबद्दल

कार्डावर तुमच्या माणसांची नावं नाहीत, असं तुम्ही लिहिलंय त्यावरून दिसतं. तसं असेल तर पुरावा म्हणून ते फार वजनाचं नाही. व्हिक्टोरियन इंग्लंडात मोठी दुर्घटना झाली की काळ्या काठाची स्मरणपत्रं छापून विकली जात. खाण कोसळली, पूल पडला, बोट बुडाली, की कार्ड तयार. लंडनमध्ये ज्यांचं कोणीही गेलं नव्हतं अशा घरांनीही ती घेऊन ठेवली. तुमचं कार्ड एवढंच सांगतं की घरातल्या कोणीतरी या घटनेची आठवण जपली. कार्डाची मागची बाजू, छापखान्याचं नाव आणि पेन्सिलीने लिहिलेलं काही असेल तर तेही, असं सगळं स्कॅन करून ठेवा. हाताने लिहिलेलं एखादं नाव निघालं तर त्याला छापील मजकुरापेक्षा जास्त किंमत आहे.

घरातल्या गोष्टीबद्दलही थोडी सावधगिरी हवी. या दुर्घटनेचं नाव घेऊन खोटं सांगितलेली एक कहाणी प्रसिद्धच आहे. १८८८ साली ‘जॅक द रिपर’ प्रकरणात खून झालेली एलिझाबेथ स्ट्राइड आपला नवरा आणि मुलं ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’वर बुडाली असं सांगत असे. प्रत्यक्षात नवरा १८८४ साली वारला होता. सोडून गेलेला बाप, फाटलेलं लग्न, तुरुंग किंवा वर्कहाउसमधला (गरिबांसाठीच्या सरकारी आश्रयगृहातला) मृत्यू यांच्यापेक्षा ‘बोटीवर बुडाले’ हे मुलांना सांगायला सोपं होतं. तुमच्या पणजीला कोणी फसवलं असं यातून निघत नाही. मात्र नऊ वर्षांच्या मुलीला मोठ्यांनी काय सांगितलं आणि खरं काय घडलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

दुसऱ्या दुर्घटनेशी गल्लत होण्याची भीती तुमच्या बाबतीत कमी आहे. थेम्सवर २१ जून १८९८ रोजी ‘अल्बियन’ युद्धनौका पाण्यात सोडताना प्रेक्षकांचा मचाण कोसळून तीसहून अधिक जण गेले. अनेक घरांत या दोन घटनांची सरमिसळ होते. पण तोवर पणजी तिशीकडे आलेली असणार.

१८७१मध्ये कुटुंब का नाही

हा अडथळा वाटतोय, पण तुमचा सगळ्यात चांगला धागा तोच आहे. इंग्लंडची १८७१ची जनगणना २ एप्रिलला झाली. वडील तेव्हा पुण्यात किंवा खडकीत नोकरीवर असतील तर ते तिथे दिसणारच नाहीत. आडनाव इथे छापत नाही, पण इंग्लंडात ते आपल्याकडच्या पाटलांइतकंच गल्लोगल्ली आहे. त्याला चाळणी लावायला ‘भारतात जन्म’ यासारखं दुसरं साधन नाही.

म्हणून शोध थेम्सपासून नको, पुण्यापासून सुरू करा. मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला दर वर्षी लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एन/३’ या मालिकेत आहेत (बंगालसाठी एन/१, मद्राससाठी एन/२). ‘फाइंडमायपास्ट’ या वंशशोधाच्या संकेतस्थळावर त्यांच्या पानांची चित्रं दिसतात, आणि ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेच्या शोधसूचीत नाव टाकायला पैसे पडत नाहीत. शोधताना ‘पुणे’ लिहून चालणार नाही. ‘पूना’, ‘पूनाह’, ‘किर्की’ अशी त्या काळची रूपं टाका, आणि अहमदनगर, देवळाली, कुलाबाही पाहा. तोफखान्याच्या तुकड्या हलत असत आणि घरात ‘पुणे’ एवढंच नाव टिकलेलं असतं. वडील आयरिश कॅथलिक असतील तर नोंद न मिळण्याची तयारी ठेवा. कॅथलिक पाद्र्यांकडून गेलेल्या नकला तितक्या पूर्ण नाहीत. पुण्याला गेल्यावर चर्चमध्ये मूळ वह्या पाहायचा बेत असेल तर तो एन/३ पाहून झाल्यावरच आखा.

बाप्तिस्म्याच्या नोंदीतून आईचं नाव, बापाचा हुद्दा आणि तुकडी मिळते. आईचं माहेरचं आडनाव सहसा मिळत नाही. त्यासाठी आईवडिलांचं लग्न शोधावं लागेल, आणि तेही याच मालिकेत असू शकतं. सैनिकी कुटुंबांच्या जन्मांची एक वेगळी ‘रेजिमेंटल’ अनुक्रमणिकाही जनरल रजिस्टर ऑफिसकडे (इंग्लंडचं जन्म, लग्न आणि मृत्यू नोंदणीचं मुख्य कार्यालय) आहे. तीही पाहून टाका.

तुकडी कळली की लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजचं दार उघडतं. तोफखान्याचे हजेरीपट ‘डब्ल्यूओ १०’ या मालिकेत १८७८पर्यंत आहेत, पुढचे ‘डब्ल्यूओ १६’मध्ये. त्या वर्षांच्या हजेरीपटांना विवाहित सैनिकांचा पट जोडलेला असतो. त्यात बायको आणि मुलांची संख्या, कधी वयंही सापडतात. पेन्शन घेऊन सुटले असतील तर सुटकेची कागदपत्रं ‘डब्ल्यूओ ९७’मध्ये: जन्मगाव, उंची, नोकरीची वर्षं, कधी पुढे कुठे राहणार तेही. ही चित्रंही फाइंडमायपास्टवर आहेत. आणि सप्टेंबर १८७८मध्ये ते नोकरीतच असतील, म्हणजे शस्त्रागारात साधे कामगार नसून सैनिक म्हणूनच असतील, तर त्या तिमाहीच्या हजेरीपटात नाव कशामुळे वगळलं याचा शेरा मिळायला हवा. अशा शेऱ्याने एका ओळीत प्रश्न सुटतो.

देह कुठे सापडला

आता थेम्सवर येऊ. बोट ग्रेव्हझेंडजवळच्या रोशरव्हिल बागेच्या धक्क्यावरून साडेसहाच्या सुमारास निघाली. साडेसातच्या आसपास ट्रिपकॉक पॉइंट ओलांडून थेम्सच्या गॅलियन्स रीच या पट्ट्यात शिरताना समोरून आलेल्या ‘बायवेल कॅसल’ या कोळसावाहू जहाजाशी टक्कर झाली. बोटीचे तुकडे झाले आणि चारेक मिनिटांत ती तळाला गेली. तासाभरापूर्वीच बार्किंग आणि क्रॉसनेसच्या मुखांतून लंडनचं कच्चं सांडपाणी नदीत सोडलेलं होतं. तुमच्या शोधाच्या दृष्टीने या घाणीचा परिणाम असा झाला की देह नेहमीपेक्षा लवकर कुजले आणि फुगले. चेहरा ओळखेना, म्हणून ओळख कपड्यांवरून आणि खिशातल्या वस्तूंवरून पटवली गेली. त्यामुळे नोंदींतली वयं अदमासे आहेत, काही ओळखी चुकल्या आणि काही पुढच्या दिवसांत बदलल्या. खापरपणजोबा ४० वर्षांचे असतील आणि दाखल्यावर ३५ किंवा ४५ दिसलं तर लगेच नाकारू नका.

प्रवाह आणि भरती-ओहोटीने देह वर लाइमहाउसपासून खाली एरिथपर्यंत काठाला लागले. नोंद कुठे होणार ते माणूस कुठे राहत होता यावर नाही, देह कुठे काढला यावर ठरलं. शोध फसतो तो बहुतेकदा याच जागी. लोक घरच्या पत्त्याच्या जिल्ह्यात पाहतात आणि हात हलवत परततात. काहीजण समुद्रावरच्या मृत्यूंच्या वेगळ्या नोंदवहीत जातात. तेही व्यर्थ, कारण हे मृत्यू नदीतले आणि म्हणून जमिनीवरच्या साध्या नोंदणीतले.

जनरल रजिस्टर ऑफिसच्या अनुक्रमणिकेत प्रत्येक नोंदीपुढे जिल्हा आणि खंडाचा आकडा असतो. वुलिच १डी, उत्तर काठावरचे स्टेपनी आणि पॉप्लर १सी, दक्षिणेला पूर्वेकडचं डार्टफर्ड (एरिथ त्यात) २ए, आणि एसेक्सच्या काठावरचे वेस्ट हॅम आणि रॉमफर्ड (बार्किंग त्यात) ४ए. एक गमतीची अडचण: नॉर्थ वुलिच नदीच्या उत्तरेला असूनही तेव्हा वुलिच पॅरिशचाच भाग होतं. नकाशात उत्तर काठ दिसला म्हणून एसेक्सकडे धावू नका. तुमच्या चाळीस मृत्यूंपैकी या खंडांबाहेरचे सगळे आधी बाजूला काढा. अनुक्रमणिकेत वय दिलेलं असतं, त्यावरून उरलेले गाळा. हातात दोन-चार राहतील.

तिमाही निवडताना घाई नको. अनुक्रमणिका तीन-तीन महिन्यांची असते, आणि ती मृत्यूच्या तारखेने नसते, नोंदणीच्या तारखेने असते. वुलिचमध्ये पश्चिम केंटचे कॉरोनर (अपघाती किंवा संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी) चार्ल्स कार्टर यांच्यापुढची चौकशी १४ नोव्हेंबरपर्यंत चालली. म्हणून जुलै ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या दोन्ही तिमाह्या पाहा. उत्तर काठावरच्या देहांची चौकशी दक्षिण एसेक्सच्या कॉरोनरकडे सुरू झाली होती, त्यामुळे तिकडच्या दाखल्यावर कॉरोनरचं नाव वेगळं दिसलं तर गोंधळू नका. बोटीतून वाचलेले सुमारे १३० जण, पण त्यांच्यापैकी काही नंतरच्या दिवसांत दगावले. त्यांची नोंद घरच्या किंवा इस्पितळाच्या जिल्ह्यात असेल आणि कारणात बोटीचं नाव असेलच असं नाही.

दाखला मागवताना महागडी प्रमाणित प्रत घेऊ नका. १८७८च्या मृत्यूंची नोंद जनरल रजिस्टर ऑफिसच्या संकेतस्थळावर डिजिटल चित्राच्या रूपात मिळते. ती सगळ्यात स्वस्त आणि लगेच उघडते. मृत्यूचं कारण आणि माहिती देणाऱ्याचा रकाना एवढंच पाहायचंय. दुर्घटनेतला मृत्यू असेल तर त्या रकान्यात नातेवाइकाऐवजी कॉरोनर आणि चौकशीची तारीख असते. एखादा नक्की बळी सापडला, मग तो तुमचा नसला तरी, त्याचा खंड आणि पानाचा आकडा टिपून ठेवा. ‘फ्रीबीएमडी’ या मोफत अनुक्रमणिकेत खंड आणि पान देऊन त्या पानावरची सगळी नावं पाहता येतात. चौकशीनंतरच्या नोंदी एकगठ्ठा झाल्या असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून मागची-पुढची पानंही चाळा. आडनावाचं स्पेलिंग लेखनिकाने बिघडवलं असेल तर ते इथेच पकडीत येतं. ओळख न पटलेल्यांसाठी छापील अनुक्रमणिकेत झेडनंतर, अगदी शेवटी, ‘अनोळखी पुरुष’ आणि ‘अनोळखी स्त्री’ असा भाग असतो.

आणि देह सापडलाच नसेल तर? तर दाखला नसणारच. त्या काळी देहाशिवाय कॉरोनरला चौकशी करता येत नसे. ती सोय १९२६च्या कायद्याने आली. त्यामुळे नोंद न मिळणं हा ‘ते बुडाले नाहीत’ याचा पुरावा होत नाही. तो ‘बुडाले’ याचाही पुरावा नाही, हे त्या ऑनलाइन वंशवृक्षाच्या मालकाला कोणीतरी सांगायला हवं.

वर्तमानपत्रं: इथे वेळ घालवा

माझ्या मते तुमचा निम्मा वेळ इथे जायला हवा. ४ सप्टेंबरपासून लंडनच्या वर्तमानपत्रांनी चार प्रकारच्या याद्या छापल्या: वाचलेले, ओळख पटलेले मृत, घरचे ज्यांना शोधतायत ते बेपत्ता, आणि ओळख न पटलेल्या देहांची वर्णनं. तुमच्यासारख्या शोधात बेपत्तांची यादी सगळ्यात मोलाची, कारण देह न सापडलेल्या माणसाचं नाव येऊ शकतं ते तिथेच. ओळख पटलेल्यांच्या बातमीत ओळख पटवणाऱ्याचं नाव, नातं आणि पत्ता अनेकदा असतो. भाऊ, मेव्हणा, घरमालक, कदाचित तुमची ती शेजारीणही. हे नाव मिळालं की मुलगी पुढे कोणाकडे गेली याचा माग लागतो.

‘द टाइम्स’ पुरेसं नाही. वुलिचचे लोक असतील तर ‘केंटिश इंडिपेंडंट’सारखी स्थानिक साप्ताहिकं आधी. ‘ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह’ची वर्गणी घेण्याआधी गावातल्या ग्रंथालयात विचारा. इंग्लंडमधली बरीच सार्वजनिक ग्रंथालयं हे आणि ‘अ‍ॅन्सेस्ट्री’ हे वंशशोधाचं संकेतस्थळ मोफत वापरू देतात.

नाव टाकून शोधणं इथे दगा देतं. संगणकाने वाचलेला जुना बारीक छापा अक्षरं खातो, आणि याद्या तर सगळ्यात बारीक टाइपात. त्यामुळे चार ते तीस सप्टेंबरपर्यंतचे अंक पान उलटून डोळ्यांनी वाचा. शोधायचंच असेल तर आडनावाऐवजी रस्त्याचं नाव, ‘आर्सेनल’, ‘आर्टिलरी’, ‘पेन्शनर’ असे शब्द टाका. पहिल्या आठवड्यातल्या बातमीवर विसंबू नका. बेपत्ता म्हणून आलेलं नाव दहाव्या दिवशीच्या अंकात काय झालं, ते पाहिल्याशिवाय वहीत पक्कं लिहायचं नाही. गटाने गेलेल्यांच्या बातम्याही वाचा. स्मिथफील्डच्या काउक्रॉस मिशनच्या बायबल वर्गाची सहल त्या बोटीवर होती, तसा एखादा कामगारांचा किंवा चर्चचा गट तुमच्या माणसांचाही असू शकतो.

सरकारी व्यापार मंडळाच्या चौकशीचा अहवाल सापडेल आणि मोह होईल. वाचायला रंजक आहे, पण त्यात चूक कोणाच्या सुकाणूची यावर वाद आहे, प्रवाशांची नावं नाहीत. शोध संपल्यावर निवांत वाचा.

पुरलं कुठे

अनोळखी राहिलेल्यांपैकी १२० जण प्लमस्टेडच्या किंग्ज हायवेवरच्या वुलिच जुन्या दफनभूमीत आहेत. ९ सप्टेंबरला तिथे मोठ्या संख्येने दफन झालं. प्रत्येक शवपेटीवर पोलिसांनी क्रमांक घातला होता आणि तोच क्रमांक त्या देहाचे कपडे आणि वस्तू यांना लावला होता, म्हणजे नंतर कोणी आलं तर ओळख पटवता यावी. अनोळखी देहांची छायाचित्रंही काढली होती. वर्तमानपत्रातल्या वर्णनांपुढे हे क्रमांक असतील तर ते टिपून घ्या: एखाद्या अंकात ‘क्रमांक अमुक, निळा झगा, हातात अंगठी’ आणि आठवड्यानंतरच्या अंकात त्याच क्रमांकापुढे नाव, अशी जोडी लागू शकते. तिथला उंच केल्टिक क्रॉस १८८०चा. तेवीस हजारांहून अधिक लोकांनी सहा-सहा पेनी देऊन तो उभारला. नावं मात्र त्यावर नाहीत.

ओळख पटलेल्यांना घरचे घेऊन गेले. त्याच ९ तारखेला दीडशेहून अधिक खाजगी अंत्यविधी झाले. तुमची माणसं वुलिचचीच असतील तर याच दफनभूमीत, पण वेगळ्या कबरीत असू शकतात. ग्रेनिच बरो या लंडनच्या प्रशासकीय भागातल्या दफनभूमींची रजिस्टरं ‘डिसीज्ड ऑनलाइन’ या संकेतस्थळावर आहेत. ५ ते २० सप्टेंबरच्या नोंदी पाहा. माणसं दुसऱ्या भागातली निघाली तर लंडनच्या चर्चची रजिस्टरं ‘द लंडन आर्काइव्हज’मध्ये आहेत (२०२४पर्यंत या संस्थेचं नाव लंडन मेट्रोपॉलिटन आर्काइव्हज होतं, जुन्या लेखांत तेच सापडेल). उत्तर काठासाठी डॅगेनमचं व्हॅलेन्स हाउस आणि चेम्सफर्डचं एसेक्स रेकॉर्ड ऑफिस.

मुलीच्या बाजूने

आईवडिलांचा माग पाण्यात हरवला तरी मुलगी जमिनीवरच होती. ३ एप्रिल १८८१ची जनगणना ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर मोफत आहे. वय ११-१२, जन्मस्थान ‘ईस्ट इंडीज’ किंवा ‘इंडिया’, एवढं टाकून केंट, सरे, मिडलसेक्स पाहा. आडनाव टाकू नका, नुसतं पहिलं नाव टाका. होममध्ये असेल तर नोंद संस्थेच्या नावाखाली येते आणि शेजारी डझनभर मुलींची रांग दिसते. सैनिकाच्या मुलीसाठी हॅम्पस्टेडचं सोल्जर्स डॉटर्स होम सगळ्यात आधी तपासा. तिथे सैनिकांच्याच मुली घेत. त्यानंतर वुलिच युनियनचं वर्कहाउस, ज्याची प्रवेश रजिस्टरं लंडन आर्काइव्हजच्या दप्तरांतून अ‍ॅन्सेस्ट्रीवर आली आहेत. दाखल करताना कारण आणि आणणाऱ्याचं नाव लिहीत, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबर १८७८ची पानं ओळ न ओळ वाचण्याजोगी.

लंडनच्या महापौरांनी मॅन्शन हाउस निधी उघडला होता. त्यात जमलेले पैसे दुर्घटनाग्रस्त कुटुंबांना गेले. आई आणि बाप दोघंही गेले असतील तर नऊ वर्षांच्या मुलीसाठी कोणीतरी या निधीकडे गेलं असण्याची शक्यता बरीच आहे. १८७८च्या अखेरीच्या स्थानिक अंकांत निधी समितीच्या बातम्या पाहा.

उलट बाजूही तपासायची, आणि ती लोक टाळतात. बाप १८८१मध्ये इंग्लंडात कुठे जिवंत दिसतोय का? आईने दुसरं लग्न केलंय का? डब्ल्यूओ ९७मधून जन्मगाव मिळालं असेल तर ते, वय आणि तोफखाना यांच्या आधारे १८८१ आणि १८९१ दोन्ही चाळा. तो सापडला तर घरातली गोष्ट बदलेल, पण तुम्हाला खरा माणूस मिळेल. मृत्युपत्रांची राष्ट्रीय सूचीही एकदा पाहा. कामगाराकडे मालमत्ता थोडीच असणार, पण पाच मिनिटांचं काम आहे. त्या सूचीत मृत्यूची तारीख आणि कधी ठिकाणही असतं, आणि देह न सापडलेल्यांसाठी हाच कधीकधी एकमेव सरकारी कागद. वारसाने अर्ज उशिरा केला असू शकतो, म्हणून १८७८वर न थांबता पुढची दहा वर्षं बघा.

वंशवृक्षात लिहिताना असं करा. कॉरोनरचा दाखला मिळाला तर ‘३ सप्टेंबर १८७८, थेम्स’. दाखला नाही, पण बेपत्तांच्या यादीत नाव आणि पत्ता जुळतो आणि नंतर कुठे माग नाही, तर ‘बहुधा ३ सप्टेंबर १८७८’, सोबत कोणत्या अंकाच्या कोणत्या पानावरून ते. यातलं काहीच नसेल तर ‘१८८१पूर्वी, कुटुंबातल्या सांगण्यानुसार बुडून’. त्या दुसऱ्या वंशवृक्षावरून काहीही उचलू नका. मालकाला निरोप पाठवून त्याने कशावरून लिहिलं ते मात्र जरूर विचारा. कधी त्यांच्याकडे आत्याच्या पेटीतलं पत्र असतं.

आजच मागवण्यासारखी एकच गोष्ट: पणजीच्या लग्नाचा दाखला, साधारण १८८८ ते १८९६च्या दरम्यानचा. त्यात वडिलांचं पूर्ण नाव आणि धंदा येईल, आणि नावापुढे ‘मयत’ लिहिलंय की नाही तेही दिसेल. न लिहिलेलं असलं तर त्यावरून निष्कर्ष काढू नका, पाद्री ते बऱ्याचदा विसरत. साक्षीदारांची नावं मात्र १८७८च्या वर्तमानपत्रांतल्या ‘ओळख पटवणाऱ्यां’च्या नावांशी ताडून बघा.